पोरांची मोजदाद: दुष्काळी कामापासून दुधनीच्या अंगणवाडीपर्यंत

दुधनीच्या बाजार समितीत तुरीची आवक किती झाली, कमीत कमी भाव काय लागला, जास्तीत जास्त किती आणि सर्वसाधारण दर काय निघाला, हे हंगामात त्याच दिवशी राज्यभर कळतं. पणन मंडळाच्या यादीत दुधनीची स्वतंत्र ओळ असते. गाव अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला, सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावर, कर्नाटकाला चिकटून. पलीकडचा कलबुर्गी जिल्हा तर तुरीचाच मुलूख. इथला भाव व्यापाऱ्याला लागतो, डाळमिलवाल्याला लागतो, शेतकऱ्याला लागतो, म्हणून तो रोज काढला जातो आणि रोज जाहीर होतो. याच गावातली किती मुलं वयाच्या मानानं खुजी राहिली, किती घरांत पोरांच्या ताटात वरण रोज पडतं, किती मुलं आईबापांच्या मागं हंगामी कामाला जाऊन शाळेच्या हजेरीतून गळतात, असं विचारलं तर उत्तर मिळतं, पण ते सोलापूर जिल्ह्याचं किंवा महाराष्ट्राचं. दुधनीचं म्हणून उत्तर नाही.

असं का, हे समजायचं तर मुलांची गरिबी आपण कधीपासून आणि कशासाठी मोजू लागलो, तिथवर मागं जावं लागतं. ती वाट याच दुष्काळी मुलखातून जाते.

१८७६ साली पाऊस गेला आणि दख्खनच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत ज्वारी जळून गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली: तलाव, रस्ते, खडी. कामावर येणाऱ्या माणसाला किती दिलं म्हणजे तो जगेल आणि तिजोरीवरही भार पडणार नाही, एवढाच सरकारपुढचा प्रश्न होता. व्हाइसरॉयनं पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं १८७७च्या सुरुवातीला मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढ्यावर राबवता येणार नाही, असं मद्रासचे सॅनिटरी कमिशनर कॉर्निश यांनी ठणकावून सांगितलं. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाच्या हकिगती मागवल्या आणि सरकारपुढं ठेवल्या. सरकारी आकड्यासमोर लोकांनी आपला आकडा मांडायचा, ही आपल्याकडची परंपरा तेवढी जुनी आहे.

या सगळ्या वादात मूल होतं ते मोठ्या माणसाचा अंश म्हणून. हाताखाली काम करण्याजोगं असेल तर मजुरीचा तुकडा, त्याहून लहान असेल तर आश्रित म्हणून घासभर. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड आले आणि हा अंश नियमांत पक्का झाला. मुलाला स्वतःची भूक असते, आणि ती बापाच्या भुकेची निम्मी नसून वेगळ्याच जातीची असते, हे कुणी लिहिलं नाही. मोठ्याला अन्न लागतं ते काम करायला. मुलाला लागतं ते वाढायला. वाढीची दोन वर्षं हुकली की ती नंतरच्या सुगीत भरून निघत नाहीत.

त्याच दशकात दादाभाई नौरोजी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडत होते. आज ज्याला आपण दारिद्र्यरेषा म्हणतो ती पहिल्यांदा त्यांनी आखली: १८६७-६८च्या भावांनी माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये. हा आकडा आला कुठून? बोटीनं परदेशी मजुरीला जाणाऱ्यांना प्रवासात जो शिधा ठरवून दिला होता, त्याच्या खर्चावरून. तांदूळ किंवा पीठ, डाळ, मटण, भाजी, तूप, तेल, मीठ. बोटीवर हातपाय न हलवता बसून राहणाऱ्या माणसाचा हा शिधा. तुरुंगातल्या कैद्यावर होणाऱ्या खर्चाशीही त्यांनी तुलना केली आणि दाखवलं की सरकार कैद्यावर जेवढा खर्च करतं तेवढंही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नाही. या मांडणीचं धैर्य मोठं होतं. पण मोजपट्टीच्या त्या टोकाला उभा होता तो कैदी आणि बोटीवरचा मजूर. दोघंही प्रौढ.

तुरुंगाची ही मोजपट्टी पुढे सोलापूरच्या दारापर्यंत आली. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलभोवती हे शहर गिरणगाव बनलं होतं. मुंबईच्या लेबर ऑफिसनं १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. १९२३च्या अहवालात निष्कर्ष आला तो असा, की कामगाराच्या पोटात जाणारं धान्य फॅमिन कोडच्या कमाल मर्यादेइतकं आहे, पण तुरुंगातल्या आहाराहून कमी आहे. विसाच्या दशकातच सोलापूरच्या गिरणी कामगारांचीही तशी पाहणी झाली. अशा पाहण्यांत घरातल्या माणसांची बेरीज करायला लस्क नावाच्या शास्त्रज्ञाचे गुणांक वापरत. पुरुष म्हणजे १, बाई ०.८३, सहा वर्षांखालचं मूल ०.५. पाच माणसांचं घर कागदावर साडेतीन-पावणेचार ‘एकक’ व्हायचं. हिशेबाला हे सोयीचं होतं, आणि आहारापुरतं त्यात तथ्यही होतं. मात्र एकदा मूल दशांश चिन्हापलीकडं गेलं की त्याची वाढ, त्याचा ताप, त्याची शाळा या सगळ्याला त्या कागदावर जागा उरत नाही.

इंग्लंडात सीबोम राउंट्रीनं १९०१ साली यॉर्क शहरावर पुस्तक लिहिलं. गरीब माणूस आयुष्यात तीनदा खाली जातो, आणि त्यातली पहिली खेप बालपणाची असते, ही गोष्ट त्यानं घरोघर फिरून दाखवली होती. आपल्याकडं या वाटेनं गेले हॅरॉल्ड मान. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे एकच गाव निवडलं आणि १९१७ मध्ये अहवाल काढला. मग सहकारी कानिटकरांच्या सोबतीनं जातेगाव बुद्रुक निवडलं, त्याचा अहवाल १९२१चा. मानची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुरेसं किती, हे त्यांनी तुरुंगावरून ठरवलं नाही, बोटीवरून ठरवलं नाही, यॉर्कवरूनही आणलं नाही. ते गावालाच विचारलं. तुमच्या मानानं नीट जगायला, नेसायला, सणवाराला काय लागतं? त्या मापानं घरं तपासली तेव्हा दोन्ही गावांत बहुसंख्य घरं स्वतःच्याच मापाला पुरी पडत नव्हती. एक गाव, त्याचं स्वतःचं माप, आणि प्रत्येक घराचा हिशेब, असा त्रिवेणी संगम त्यानंतर फार क्वचित जुळला.

स्वातंत्र्यानंतर मोजणी मोठी झाली आणि गाव त्यात विरून गेलं. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा निबंध आला. दिवसाला माणशी २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्या घराला झेपत नाही ते गरीब, हा त्यांचा आधार. १९६०-६१च्या भावांनी खेड्यात महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. देशाची झोप उडवणारं ते काम होतं. पुढच्याच वर्षी आमच्या भागात बहात्तरचा दुष्काळ आला. मिलो आणि सुकडीच्या त्या दिवसांनी या आकड्यांना चेहरे दिले, आणि रोजगार हमीचा विचार त्याच मातीतून वर आला.

पण ‘माणशी’ या शब्दात मूल पुन्हा हरवलं. आधी ते अर्धं होतं, आता सरासरीत मिसळलं. तान्हं बाळ आणि हमाली करणारा बाप, दोघांचीही रेषा एकच.

त्यानंतर जो वाद झाला त्याच्याजवळ जरा थांबायला हवं, कारण तो पुण्यातच, दोन मराठी विद्वानांत झाला आणि त्याचा परिणाम थेट अंगणवाडीच्या काट्यापर्यंत पोचतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न व कृषी संघटनेत दोन दशकं काम करून ते पुण्याला परतले होते. त्यांचं म्हणणं असं: माणसाची उष्मांकाची गरज रोज सारखी नसते. शरीर स्वतःला सांभाळून घेतं. त्यामुळे सरासरी गरजेवर रेघ मारून खालच्या सगळ्यांना उपाशी म्हणणं चूक. मुलं खंगतात ती नुसत्या अन्नाविना खंगत नाहीत, दूषित पाण्यानं, जंतांनी, वारंवारच्या हगवणीनं खंगतात. दांडेकरांनी त्यावर कडाडून हरकत घेतली. गरिबाचं शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं असं एकदा शास्त्रानं मान्य केलं, तर त्याला कमी देण्याचा परवानाच मिळेल, हा धोका त्यांना दिसत होता. १९८२ मध्ये डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं तर ‘लहानखुरी पण निरोगी’ असा सिद्धांतच मांडला: भारतातली पुष्कळ मुलं नुसती चणीनं लहान आहेत, आजारी नाहीत. हैदराबादच्या पोषण संस्थेत अनेक वर्षं काम केलेले डॉ. सी. गोपालन त्याच्या विरोधात उभे ठाकले.

पाण्याच्या बाबतीत सुखात्मे बरोबर होते, आणि ते आपण फार उशिरा ऐकलं. लहानखुऱ्या मुलांचा निकाल मात्र दुसरीकडून लागला. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांतली मुलं मोजली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. आईचं दूध, चांगला आहार, स्वच्छ घर मिळालेली दिल्लीची मुलं आणि ओस्लोची मुलं पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखीच वाढली. ‘आमच्याकडची पोरं असतातच बारीक’ हे वाक्य आजही अंगणवाडीच्या ओट्यावर ऐकू येतं. ते खोटं आहे, हे त्या मोजणीनं दाखवलं.

अंगणवाडी आली २ ऑक्टोबर १९७५ पासून. तिच्यासोबत आला काटा आणि वाढीचा तक्ता. हा तक्ता मुळात डेव्हिड मॉर्ले या डॉक्टरनं नायजेरियातल्या खेड्यात काम करताना घडवला. मुलाचं वजन महिन्यामागून महिन्याला टिंबानं मांडायचं आणि टिंबं जोडायची. रेघ वर चढते आहे की आडवी पडली, हे निरक्षर आईलाही दिसावं. कार्ड आईच्या घरात राहावं, दवाखान्याच्या कपाटात नव्हे, असा त्याचा आग्रह होता. दीडशे वर्षांच्या या गोष्टीत पहिल्यांदा मूल पूर्णांक झालं आणि मोजमाप त्याच्या आईच्या हातात आलं.

वजनाचा दिवस जवळून पाहावा. आढ्याच्या हुकाला काटा टांगलेला, खाली झोळी. आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा. हे राहिलं तर प्रत्येक पोराच्या वजनात झोळीचं वजन मिसळतं. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं निजवून घ्यायची, दोनावरच्याची उंची उभं करून. निजवताना मदतनीस डोकं धरते, सेविका गुडघे हलकेच दाबते आणि बाळ गाव गोळा करतं. मग डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, रंगीत पट्टी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळी, पुढे हिरवी. वय नीट कळलं नाही तर वजन-उंचीची सगळी मेहनत वाया. दाखला नसेल तर आईला विचारायचं: गड्ड्याच्या जत्रेच्या आधी झालं का मागनं? नागपंचमीला किती महिन्यांचं होतं? असा सणांचा पंचांग-तक्ता मोठमोठ्या पाहण्यांतही वापरतात, कारण एका महिन्याच्या चुकीनं मूल वाढीच्या तक्त्यावर एका रंगातून दुसऱ्या रंगात जातं.

आणि रंग बदलला की वरच्या साहेबांचा सूर बदलतो. १९७२ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं वजनावरून चार श्रेण्या ठरवल्या होत्या. तिसरी-चौथी म्हणजे तीव्र. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीची मुलं जास्त दाखवणाऱ्या सेविकेला मीटिंगमध्ये बोलणी बसायची, म्हणून पोर कागदावर दुसऱ्या श्रेणीत सरकायचं. २००१ साली डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. गावोगाव घरटी जाऊन त्यांनी बालमृत्यू मोजले होते. सरकारी नोंदी आणि खरे मृत्यू यांतली दरी त्यातून उघडी पडली. सार्वजनिक सभेच्या हकिगतींचीच ही पुढची पिढी. मराठवाड्यात त्याच सुमारास व्ही. रमाणी विभागीय आयुक्त होते. त्यांनी सगळ्या मुलांचं खरं वजन करा असा आग्रह धरला, आणि कुपोषित मुलांचा आकडा आधी वाढू दिला. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन निघालं ते त्या अनुभवावर. २०१२च्या राज्य पोषण पाहणीत दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण २३ टक्के निघालं. २००५-०६ मध्ये ते ३९ टक्के होतं. आकडा लपवणं थांबलं की काम सुरू होतं, याचा एवढा ठळक दाखला आपल्या राज्यात दुसरा नाही.

पोषण एका बाजूला मोजलं जात होतं, गरिबी दुसऱ्या. पिवळ्या, केशरी, पांढऱ्या शिधापत्रिका १९९९ मध्ये आल्या आणि वर्षाला १५ हजार रुपये ही पिवळ्या कार्डाची मर्यादा झाली. २००२च्या दारिद्र्यरेषा सर्वेक्षणात खेड्यातल्या प्रत्येक घराला तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. जमीन किती, घर कसं, कपडे किती, दोन वेळा जेवता का. दहावा प्रश्न मुलांचा: पाच ते चौदा वयाची मुलं काय करतात? शाळेत न जाता काम करत असतील तर शून्य, शाळेत जात असतील आणि काम करत नसतील तर चार. मुलाला पहिल्यांदा गरिबीच्या यादीत स्वतःचा प्रश्न मिळाला, पण केवढ्या विचित्र रीतीनं! पोटाला चिमटा घेऊन पोरगी शाळेत घातली तर बापाचे गुण वाढतात आणि घर यादीतून बाहेर पडायला लागतं. भरीला, राज्यात एकूण किती घरं गरीब धरायची याची मर्यादा नियोजन आयोगाच्या अंदाजानं आधीच बांधलेली होती. अक्कलकोटपासून अक्कलकुव्यापर्यंत ग्रामसभांमध्ये त्या यादीवरून जी भांडणं झाली, त्यात चूक भांडणाऱ्यांची नव्हती.

आता बहुआयामी निर्देशांक आहे. उत्पन्न न विचारता तो पोषण, बालमृत्यू, शाळेची वर्षं, शाळेतली हजेरी, पाणी, सरपण, शौचालय अशी बारा अंगं पाहतो. नीती आयोगाच्या हिशेबानं महाराष्ट्रातली बहुआयामी गरिबी २०१५-१६ मधल्या १४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आली. हा हिशेब राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या ज्या दोन फेऱ्यांवर बेतला आहे, त्याच दोन फेऱ्यांमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांचं खुजेपण मात्र ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेलं. घर गरिबीतून वर आलं आणि घरातलं मूल तिथंच राहिलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. निर्देशांकाचं एकक घर आहे. त्या घरात पोरगा दूध पितो आणि पोरगी चहा, हे त्याला दिसत नाही.

दुधनीसुद्धा दिसत नाही. ही आरोग्य पाहणी जिल्ह्यामागं हजाराच्या आसपास घरांत जाते. २०११च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती. एवढ्या नमुन्यातून जिल्ह्याचा अंदाज निघतो, गावाचा नाही. अंगणवाडीत तर दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन होतंच. पण २०२१ पासून ती नोंद ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपमध्ये जाते. त्या वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं. जिथं घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही चालतं, त्या सीमेवरच्या सेविकेला इंग्रजीत माहिती भरायला लावायची, याचा राग येणं रास्तच होतं. त्याहून मोठी अडचण अशी, की आकडा वर जातो आणि खाली येत नाही. फोनमध्ये भरलं की काम झालं असं होतं, आईच्या कार्डावरचा आलेख कोराच राहतो. मॉर्लेनं जी गोष्ट आईच्या हातात दिली होती ती परत कपाटात गेली.

ग्रामपंचायतींसाठी केंद्रानं आता पंचायत प्रगती निर्देशांक केला आहे. त्याच्या नऊ विषयांपैकी एक आहे ‘बालस्नेही गाव’. दुधनीच्या आसपासच्या खेड्यांना त्यात गुण मिळतात. दुधनी नगरपरिषद आहे, म्हणून तिला नाहीत. गाव म्हणून मोजायला मोठी, शहर म्हणून मोजायला लहान, अशा कितीतरी नगरपरिषदा राज्यात आहेत.

खरं तर लागणारं सगळं गावातच आहे. जन्म-मृत्यूची नोंद नगरपरिषदेत आहे. वजन-उंचीची नोंद अंगणवाड्यांत आहे. हजेरी मराठी आणि कन्नड शाळांच्या पटावर आहे, कुणाला धान्य मिळतं ते रेशन दुकानाच्या यादीत. चार वह्या चार खात्यांच्या, म्हणून त्या कधी एकत्र ठेवल्या जात नाहीत. त्या प्रभागवार जुळवाव्यात, मुलांची नावं काढून नुसते आकडे घ्यावेत: या प्रभागात पाच वर्षांखालची इतकी मुलं, त्यांतली इतकी लाल पट्टीत, शाळेच्या पटावरची इतकी हजेरीतून गळालेली, वर्षात इतकी दगावलेली. आणि माप ठरवताना मानसारखं लोकांना विचारावं. दुधनीतल्या आयांच्या मते इथल्या मुलाला नीट वाढायला काय काय लागतं? रोज वरण की नुसतं आमटीचं पाणी, आठवड्याला किती अंडी, शाळेच्या कपड्यांचे किती जोड, पायात चप्पल, घराजवळ नळ? त्यांनी सांगितलेल्या पाच-सात गोष्टी हे दुधनीचं माप. तो तक्ता दर तिमाहीला मराठी आणि कन्नडमध्ये नगरपरिषदेच्या फळ्यावर लागावा आणि सभेत नगरसेवकांना आपापल्या प्रभागाचे आकडे वाचून दाखवायला लावावेत. याला नवं सर्वेक्षण लागत नाही, नवं ॲप लागत नाही. प्रभागाची सेविका, दोन मुख्याध्यापक, रेशन दुकानदार आणि जन्म-मृत्यूची वही सांभाळणारा कारकून एका टेबलाशी बसले, तर पहिला तक्ता एका आठवड्यात होईल.